डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आली, सिकलसेलचा पण रिपोर्ट आहे. पुढं काय करावं?

धानपट्टा

नमस्कार मंडळी. मी चिमूर तालुक्यातला. लहान बहीण ब्रम्हपुरीकडं दिली आहे, पहिलं बाळंतपण, वय २६, तेरावा आठवडा लागला. आशाताईनं नाव नोंदवलं, उपकेंद्रात रक्त लघवी सगळं झालं, मग खाजगी डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि डबल मार्कर लिहून दिली. रक्त कलेक्शन सेंटरवाल्यानं घेतलं, बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवलं आणि रिपोर्ट सीधा व्हॉट्सॲपवर आला. ट्रायसोमी २१ पुढं १:१८० आणि लाल अक्षरात हाय रिस्क लिहिलं आहे. तेव्हापासून पोरगी जेवत नाही. सासरचे म्हणतात बाळ मतिमंद आहे असं रिपोर्टमधी आलं. सेंटरवाला म्हणतो आता एनआयपीटी म्हणून रक्ताची अजून एक तपासणी करा, पंधरा हजाराच्या वर लागतील. रोवणीचे दिवस आहेत, घरात पैसा नाही, पण करायचं म्हटलं तर कुठूनही उभा करू. डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर कोणाला माहिती असेल तर सांगा, हे १:१८० म्हणजे नेमकं किती वाईट?

सोनोग्राफीत एनटी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी) १.३ मिमी आहे, नाकाचं हाड दिसते असं लिहिलं आहे. उपकेंद्राच्या कार्डावर हिमोग्लोबिन ९.४, सिकलसेल सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, नंतर तालुक्याहून एएस असं आलं. बाकी एचआयव्ही, कावीळ सगळं निगेटिव्ह.

लॅबवाली_वर्धा

दादा, आधी बहिणीला फोन लावा आणि जेवायला सांगा. १:१८० चा अर्थ असा की असेच आकडे आलेल्या १८० बाया एका ठिकाणी बसवल्या तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम (ट्रायसोमी २१ म्हणजे तोच, २१ वा क्रोमोसोम एक जास्तीचा) असेल आणि १७९ जणींच्या बाळाला नसेल. म्हणजे अर्धा टक्का. बऱ्याच लॅब १:२५० च्या वर धोका दिसला की लाल शाईत टाकतात, तिथं रेष ओढलेली आहे म्हणून, बाळाला काही झालं आहे म्हणून नाही. ही निदानाची तपासणीच नाही, कोणाची पुढं नीट तपासणी करायची हे निवडायची चाळणी आहे. आईच्या रक्तात पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी अशी दोन द्रव्यं मोजतात, ती वारेतून येतात, डाऊनच्या बाळात सहसा पहिलं कमी आणि दुसरं जास्त सापडते, त्यावरून कॉम्प्युटर हिशोब करते.

आणि त्या हिशोबात आईचं वय, वजन, सोनोग्राफीप्रमाणे आठवडे, शुगर आहे का, जुळं आहे का, हे सगळं घालावं लागते. मी या कामात आहे म्हणून सांगते, छोट्या गावातून येणाऱ्या फॉर्मवर कितीदा वजनाची जागा कोरी असते. तुमच्या रिपोर्टवर ‘बायोकेमिकल रिस्क’ लिहिलं आहे की ‘कंबाईंड रिस्क’ ते बघा. नुसतं बायोकेमिकल असेल तर एनटीचा आकडा हिशोबात धरलेलाच नाही. एनटी आणि रक्त दोन्ही मिळून हिशोब केला तर डाऊनची १०० पैकी ८५ ते ९० बाळं पकडली जातात, नुसत्या रक्तात त्यापेक्षा बरीच कमी. लॅबला सोनोग्राफीचा कागद आणि खरं वजन पाठवून पुन्हा हिशोब करून मागा. रक्त दुसऱ्यांदा द्यावं लागत नाही.

आता दुसरं. तुम्ही सगळ्यात खाली एका ओळीत एएस लिहिलं. मला त्या लाल आकड्यापेक्षा ही ओळ जास्त महत्त्वाची वाटते. जावईबापूंची सिकलसेल तपासणी झाली का?

कापूसवाला_वणी

मी स्पष्ट बोलतो. हा सगळा लॅबवाल्यांचा धंदा आहे. आमच्या घरी पण असंच लाल आलं होतं, बायको रात्रंदिवस रडत होती, उधारी करून पुढची महागाची टेस्ट केली, सगळं नॉर्मल निघालं. पोट्टं आता अंगणवाडीत जाते. आमच्या आयांनी कोणत्या टेस्ट केल्या होत्या? कापसाचे चुकारे अडकले असताना हे खर्च कोण करणार?

लॅबवाली_वर्धा

दादा तुमचा राग समजते. तपासणीआधी कोणी नीट समजावून सांगत नाही आणि नंतर व्हॉट्सॲपवर लाल पीडीएफ फेकतात, हे चूकच आहे, मी कितीदा भांडली यावर. पण तुमचं नॉर्मल निघालं ते ठरल्याप्रमाणेच झालं, लाल आलेल्या बहुतेक जणींचं नॉर्मलच निघते. आणि आयांच्या वेळेस तपासणी नव्हती तेव्हा काय होत होतं ते गावातल्या जुन्या बायांना विचारा, किती लेकरं पाच वर्षांची व्हायच्या आत गेली आणि कशानं गेली ते कोणाला समजलंच नाही.

आशाताई_धानोरा

धानपट्टा भाऊ मी गडचिरोली जिल्ह्यात आशा आहो. तुमी डबल मार्करचं टेन्शन घेऊन राहिले पन मले विचाराल तर पयले जावयाले घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा. एएस म्हंजे तुमची बहीन वाहक हाय, तिले स्वतःले काही आजार नाई, ती रोवनी करू शकते सगळं करू शकते. पन जावई बी एएस असला तर दर बाळंतपनात चारातून एक बाळ एसएस व्हायची भीती असते, म्हंजे खरा आजार असलेलं. चारातून दोन वाहक, चारातून एक साफ. पयलं चांगलं झालं म्हनून दुसरं चांगलंच होईल असं नाई, दर खेपेले तोच हिशोब पुन्हा पयल्यापासून.

आनि तपासनी फुकट हाय. आमच्याकडे बायका तपासून घेतात, नवरे येत नाईत. मी घरी जाते तं म्हनतात मले काय झालं, मी तं धडधाकट हाव. अरे बाबा वाहक धडधाकटच असते ना. सासू म्हनते आमच्या पोरात खोट काढता का. हे ऐकून ऐकून कान किटले माये. खोटीचा काही विषय नाई, त्याले ते मायबापाकडून आलं, त्याचा काय दोष. आनि हा फक्त आदिवासीचा आजार हाय असं बी लोक म्हनतात, ते बी खोटं हाय, आमच्या रजिस्टरमधी सगळ्या समाजाची नावं हाएत.

निवासी_डॉक्टर_नागपूर

वरच्या दोघींनी बरोबर सांगितलं आहे, थोडी भर घालतो. मी प्रसूतिशास्त्र विभागात शिकतो आहे, तुमच्या बहिणीला तपासलेलं नाही, त्यामुळं शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचा.

जावयांची नुसती सोल्युबिलिटी करून थांबू नका, एचपीएलसी करायला सांगा, त्यात रक्तातली हिमोग्लोबिनं वेगवेगळी करून मोजतात. सोल्युबिलिटी फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते, एएस आणि एसएस यातला फरक तिला कळत नाही, आणि थॅलेसेमियाचा (हा पण हिमोग्लोबिनचाच आईबापाकडून येणारा आजार) वाहक असेल तर ती साफ निगेटिव्ह येते. आई सिकलची वाहक आणि बाप बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी बाळाला सिकल थॅलेसेमिया होऊ शकतो, तो पण त्रासदायक आजार आहे. ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही.

एनआयपीटीबद्दल. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, १९९७ साली हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी ते दाखवून दिलं, त्यावर ही तपासणी उभी आहे. दहा आठवड्यांनंतर करता येते, डाऊनसाठी ९९ टक्क्यांच्या आसपास पकडते. पण ती पण चाळणीच आहे, पॉझिटिव्ह आली तर पक्कं करायला सुई लागतेच. आणि नेहमीची एनआयपीटी सिकलसेल बघत नाही. म्हणजे तुम्ही पंधरा हजार घातले, नॉर्मल आली, सगळे निश्चिंत झाले, तरी एएसचा प्रश्न जिथं होता तिथंच राहतो.

जावई पण वाहक निघाले तर बाळाचं पक्कं समजायला दोन रस्ते आहेत. साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा काढतात, त्याला सीव्हीएस म्हणतात. तुमचे दिवस जवळपास संपत आले. दुसरा रस्ता गर्भजल तपासणीचा, १५ आठवड्यांनंतर, सोनोग्राफीत बघत बघत पोटातून सुईनं थोडं पाणी काढतात. गर्भ पडण्याचा धोका असतो पण अनुभवी हातात तो दोनशेत एकापेक्षाही कमी धरतात. महत्त्वाचं म्हणजे त्याच पाण्यातून सिकलसेल आणि क्रोमोसोम (डाऊन यातच दिसतो) दोन्ही तपासता येतात. म्हणून घाईनं एनआयपीटीचे पैसे भरू नका, आधी जावयांचा रिपोर्ट येऊ द्या.

धानपट्टा

सगळ्यांचे आभार. बहिणीला वाचून दाखवलं, ती जेवली. रिपोर्ट पुन्हा पाहिला, बायोकेमिकल रिस्कच लिहिलं आहे आणि वजनाची जागा कोरी. लॅबला सोनोग्राफीचा कागद पाठवला.

जावईबापूंचा प्रश्न मात्र अवघड आहे. ते आशाताई म्हणतात तसंच म्हणून राहिले, मला काय झालं, मी पोतं उचलतो. त्यांच्या आईनं तर माझ्या आईलाच फोन करून ऐकवलं की तुमच्याच पोरीत दोष निघाला. आता माझी आई रडून राहिली.

एसएस_मीच

धागा वाचत होते, लिहायचं नव्हतं पण आता लिहिते. मी स्वतः एसएस आहे, भंडारा जिल्हा, वय तिशीच्या पुढं. जावईबापूंना हे वाचायला द्या.

लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचेच हातपाय असे दुखतात. थंडी पडली की, तापात, किंवा उन्हात पाणी कमी पडलं की हाडांच्या आतून कळ यायची, आई रात्रभर शेकत बसायची. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात म्हणून ते दुखते, हे मला खूप मोठं झाल्यावर कळलं. गावात बाहेरचं झालं म्हणून उतारे टाकले. शाळा सुटत गेली, दहावीला पेपरच्या दिवशी दवाखान्यात होते. माझा धाकटा भाऊ पण एसएस होता, तो लहानपणीच तापात गेला, तेव्हा तर त्याला हा आजार आहे हे पण कोणाला माहीत नव्हतं. माझ्या आईवडिलांनी कधी कोणाचं वाईट केलं नाही. दोघं पण वाहक आहेत हे त्यांना कोणी सांगितलंच नाही, एवढंच.

आता मी हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध घेते, फोलिक ॲसिड घेते, पाणी भरपूर पिते, दुखण्याचे झटके खूप कमी झाले, नोकरी करते. एसटीच्या साध्या गाडीत तिकीट लागत नाही, २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगांत पण आमचा आजार धरला आहे. म्हणून एसएस बाळ म्हणजे सगळं संपलं असं पण कोणी समजू नका. पण जन्मायच्या आधी माहीत असणं आणि लेकरू तापात फणफणत असताना पहिल्यांदा कळणं यात फार फरक आहे. माहीत असलं तर पहिल्या महिन्यांपासून पेनिसिलिन, न्यूमोनियाची लस, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, हे सगळं करता येते. जावईबापूंना म्हणा एक बोट टोचून घ्या, दुखत नाही.

लेकीची_माय_अमरावती

मला पण एक सांगायचं आहे. वर कोणीतरी मतिमंद शब्द लिहिला, सासरचे म्हणाले म्हणून लिहिला असेल, पण वाईट वाटलं. माझ्या लेकीला डाऊन सिंड्रोम आहे. माझ्या वेळेस कोणतीच तपासणी झाली नव्हती आणि माझं वय तेव्हा २४ होतं. वय वाढलं की धोका वाढतो हे खरं, ३५ ला साडेतीनशेत एक, ४० ला शंभरात एक असं सांगतात, पण कमी वयात होतच नाही असं नाही. हृदयाला छिद्र होतं, ऑपरेशन झालं, चालायला बोलायला उशीर लागला. आता ती भाकरी थापते, गाणी ऐकते, बापाला औषधाची वेळ सांगते. मी तपासणीच्या विरोधात नाही, आधी कळलं असतं तर हृदयाची सोय असलेल्या दवाखान्यात बाळंतपण केलं असतं. फक्त बोलताना जपून बोला.

धानपट्टा

ताई माफ करा, तो शब्द जसा कानावर आला तसा लिहिला, यापुढं नाही लिहिणार. तुमच्या लेकीला माझा नमस्कार.

बातमी अशी आहे. एसएस_मीच ताईंचं लिहिणं जावईबापूंना वाचायला दिलं. काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्त देऊन आले. लॅबचा नवीन हिशोब पण आला, वजन आणि एनटी धरून १:११००. डॉक्टर म्हणाले याची काळजी सोडा, पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी मात्र नीट करू.

जावईबापूंचा रिपोर्ट एएस आहे.

आशाताई_धानोरा

भाऊ आता घाबरू नोका. येळ हाय तुमच्याकडं. जिल्हा रुग्णालयात सिकलसेलचा कक्ष असते तिथं दोघाइले घेऊन जा, समुपदेशक असते. चंद्रपूरले आयसीएमआरचं (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) केंद्र बी हाय, याच आजारावर काम करते. तिथं चौकशी करा.

कापूसवाला_वणी

एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. समजा एसएस निघालं तर काय करणार? काही करायचं नसेल तर सुई कशाला टोचायची?

निवासी_डॉक्टर_नागपूर

प्रश्न योग्य आहे आणि तो सुई टोचायच्या आधीच नवराबायकोनं बसून बोलायचा असतो. काहीजण सांगतात आम्हाला बाळ ठेवायचंच आहे, मग ते गर्भजल तपासणी न करता जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तपासतात, तो पण पूर्ण बरोबर मार्ग आहे. फक्त तेव्हा सोल्युबिलिटी चालत नाही, सहा महिन्यांच्या आत बाळाच्या अंगात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असते, त्यामुळं ती चुकते, एचपीएलसीच लागते. काहीजणांना गर्भ ठेवायचा नसतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरते, २० ते २४ मध्ये कायद्यात ठरवलेल्या गटातल्या बायांना दोघांचं लागते, बाळात गंभीर दोष असेल तर त्यापुढं मेडिकल बोर्ड ठरवते. म्हणून आठवडे मोजत राहावं लागते. आणि निर्णय तिचा. सासूचा नाही, भावाचा नाही, माझा पण नाही.

अजून एक, गर्भजल तपासणीत लेखी संमती घेतात आणि मुलगा मुलगी सांगत नाहीत, कोणी सांगतो म्हणाला तर तिथून उठून या. महाराष्ट्रानं यासाठी १९८८ मध्येच देशात सगळ्यात आधी कायदा केला, मग १९९४ चा केंद्राचा आला.

एसएस_मीच

कापूसवाला दादांच्या प्रश्नावर माझं मत विचाराल तर मला दोन्ही बाजूनं वाटते. माझ्यासारखं लेकरू नको असं कोणी म्हटलं की आत काहीतरी तुटते. आणि माझ्या भावाचं आठवलं की वाटते आईला आधी माहीत असायला हवं होतं. त्यामुळं मी कोणालाच हे करा ते करा म्हणत नाही. धानपट्टा दादा, बहिणीला माझा नंबर हवा असेल तर व्यनि करा, मी बोलेन तिच्याशी.

धानपट्टा

बऱ्याच दिवसांनी आलो. ताई तुम्ही बहिणीशी एवढा वेळ बोलल्या, त्याचे उपकार विसरणार नाही. दोघांनी मिळून ठरवलं की तपासणी करायची. सोळावा आठवडा लागल्यावर मोठ्या दवाखान्यात गर्भजल काढलं, जावईबापू सोबत होते, सासूबाई पण आल्या. आईचं रक्त मिसळलं नाही ना हे बघायला बहिणीचा वेगळा नमुना घेतला. दोन दिवस पोटात ओढल्यासारखं वाटलं, आराम केला, मग बरं वाटलं. एनआयपीटी केली नाही.

काल रिपोर्ट आला. क्रोमोसोम बरोबर आहेत. बाळ एएस आहे, आईबापासारखं वाहक.

सासूबाईंनी माझ्या आईला फोन केला. आणि जावईबापूंचा लहान भाऊ, त्याची सोयरीक जुळून राहिली आहे, तो काल स्वतःहून रक्त देऊन आला. पोरीकडच्यांना पण तपासणी करायला सांगणार आहे, आधी वडीलधारे नाही म्हणत होते.

आशाताई_धानोरा

लय बरं झालं भाऊ. आता तिच्या ९.४ कडं पाहा. या सगळ्यात ते मागं पडलं. लोहाच्या गोळ्या चायसोबत नोका देऊ म्हना, लिंबू पिळून जेवन करा म्हना, आनि महिन्याभरानं पुन्हा तपासा. बाळंतपनात रक्त गेलं तं ते ९.४ महागात पडते. बाळ जन्मलं की त्याचं बी सिकल कार्ड काढून घ्या.

नवीन_सदस्य_उमरेड

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. माझा पाचवा महिना, ब्लड ग्रुप ओ निगेटिव्ह, यांचा बी पॉझिटिव्ह. मागच्या वेळी दोन महिन्याचं पडलं होतं तेव्हा काही इंजेक्शन दिल्याचं आठवत नाही. मला पण यातली एखादी तपासणी लागेल का?

लॅबवाली_वर्धा

हो ताई, तुम्हाला इनडायरेक्ट कूम्ब्स म्हणून रक्ताची तपासणी लागेल, साधी आहे, महाग नाही. बाळ पॉझिटिव्ह असेल आणि त्याचं रक्त तुमच्या रक्तात मिसळलं तर तुमचं शरीर त्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनवते, पुढच्या बाळाला त्यानं रक्तक्षय आणि कावीळ होऊ शकते. ती बनली आहेत का हेच यात दिसते. तुमचं एकदा पडलेलं आहे म्हणून थांबू नका, आताच करा आणि डॉक्टरांना मागचं सगळं सांगा. निगेटिव्ह आली तर ती प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक. सिकलसेल झाली आहे का तुमची?

नवीन_सदस्य_उमरेड

माझी झाली, निगेटिव्ह आहे. कूम्ब्सचं कोणी बोललंच नव्हतं. परवा नऊ तारीख आहे, सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, यांना घेऊन जाते आणि चिठ्ठीवर लिहूनच नेते.

लॅबवाली_वर्धा

न्या. आणि रिपोर्ट आला की इथं टाका, मी बघते.